तेल्या पडलेली बाग आणि अडीचशे शब्द

या महिन्यातली निम्मी पत्रं उन्हाळी संशोधन फेलोशिपबद्दलची आहेत, म्हणजे सुट्टीत दोनेक महिने एखाद्या प्रयोगशाळेत गाईडच्या हाताखाली काम आणि त्याचे थोडे पैसे. साहजिकच आहे. काम मे-जूनमध्ये असलं तरी अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. त्यातली चार पत्रं घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, मी सांगोला तालुक्यातला, मायक्रोबायोलॉजीच्या एस. वाय.ला आहे. तीन विज्ञान अकादमींची मिळून समर फेलोशिप असते असं सीनियरकडून कळलं. तिच्या फॉर्ममध्ये ‘तुम्हाला कशावर काम करायचं आहे’ ते अडीचशे शब्दांत लिहायचं असतं. माझा मजकूर सोबत जोडला आहे, तपासून द्याल का? मला 74 टक्के आहेत. आमच्या कॉलेजात संशोधन वगैरे होत नाही. घरी डाळिंब होतं, पण तेल्यामुळे वडिलांनी बाग काढून टाकली, त्यामुळे फेलोशिपचे पैसे मिळाले तर हातभार लागेल. शिफारसपत्र प्राचार्यांचं घेतलं तर वजन पडेल का?

उत्तर : तुझा मजकूर वाचला. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’, ‘कर्करोगावर औषध शोधून देशसेवा’, ‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास आभारी राहीन’. असे मजकूर मी गाईड असताना गठ्ठ्याने वाचले आहेत. नावं झाकली तर कुठला कुणाचा ते सांगता येणार नाही. यात खोटं काही नाही, पण तुझ्याबद्दल काही कळतही नाही. आणि ज्या गोष्टीवरून कळलं असतं, ती तू पत्रात पैशाच्या अडचणीसोबत एका ओळीत उरकलीस. तेल्या.

तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. झँथोमोनास कुळातला जिवाणू. तू मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी, आणि तुझ्या बांधावर हा जिवाणू कित्येक हंगाम मुक्कामाला होता. पानावर तेल सांडल्यासारखा डाग कसा उमटतो, मृग बहरात पाऊस लागला की तो कसा पसरतो, फळ कसं तडकतं, हे मी फोटोत पाहिलंय, तू हातात धरून पाहिलं आहेस. आता वडिलांजवळ बस आणि विचार : कोणत्या साली पहिला डाग दिसला? कलमं कुठून आणली होती? छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना धुवत होतात का? फवारे कसले मारले? उत्तर बहुधा स्ट्रेप्टोसायक्लिन, कॉपर ऑक्सिक्लोराईड, नाहीतर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण असं येईल. आणि मग मुख्य प्रश्न : सुरुवातीला जेवढा गुण यायचा, तेवढाच शेवटी येत होता का?

‘नाही’ म्हणाले, तर तुझे अडीचशे शब्द तिथेच सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच तांबं आणि तेच प्रतिजैविक फवारलं, तर त्याला न जुमानणारे जिवाणू बागेत शिल्लक राहतात का? हे तपासायचं कसं, ते तुला येतं. रोगट पानावरून जिवाणू वेगळा करायचा, प्लेटवर वाढवायचा (या कुळातल्या जिवाणूंच्या वसाहती बहुधा पिवळ्या, बुळबुळीत दिसतात), आणि औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जिवाणू न वाढता किती मिलिमीटर जागा मोकळी राहते ते मोजायचं. प्रॅक्टिकलमध्ये तुम्ही हेच करता, फक्त तिथला जिवाणू कॉलेजने दिलेला असतो. फवारलेल्या आणि न फवारलेल्या बागेतले जिवाणू शेजारी शेजारी ठेवले तर आकडे वेगळे येतील की नाही, हा प्रश्न विचारता येणारा मुलगा गाईडला हवा असतो.

पण वाढवून लिहू नकोस. ‘तेल्यावर उपाय शोधीन’ असं दोन महिन्यांच्या अर्जात लिहिलंस की वाचणारा पान उलटतो. आठ आठवड्यांत दहा-बारा नमुन्यांची तुलना झाली तरी पुष्कळ झालं, आणि तेवढंच लिही. वडिलांची बाग गेली हेही लिही, एका वाक्यात, रड न करता. आधी सगळं मराठीत लिही आणि मग साध्या इंग्रजीत आण. इंग्रजी बाळबोध असलं तरी चालतं. इंटरनेटवरून उचललेलं भारी इंग्रजी मात्र दुसऱ्याच ओळीत ओळखू येतं.

एक समजून ठेव. तुला डाळिंबावरच काम मिळेल असं नाही. निवड झालीच तर भातावरच्या जिवाणूवर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत जाशील, किंवा वनस्पतींशी संबंधच नसलेल्या ठिकाणी. अर्जातला प्रश्न तू विचार कसा करतोस हे दाखवायला असतो. दरम्यान, सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ते तुझ्यापासून एसटीच्या अंतरावर आहे. कामाच्या दिवशी जा, तेल्यावर कोण काम करतं विचार, पाच मिनिटं मागून घे. ‘कॉलेजात संशोधन होत नाही’ हे वाक्य तू पत्रात लिहिलंस, अर्जात लिहू नकोस.

शिफारसपत्र प्राचार्यांचं नको. त्यांनी तुला जिवाणू वाढवायला प्लेटवर रेघा ओढताना पाहिलेलं नाही. ज्या सरांनी किंवा मॅडमनी प्रॅक्टिकल घेतली, त्यांचं घे. त्यांना दोन आठवडे आधी सांग आणि एका कागदावर तुझे मुद्दे लिहून दे : कोणता प्रयोग चुकला, तो तू पुन्हा कसा केलास, सेमिनार कशावर दिलास. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं बरेच सर म्हणतात. तरी मुद्देच दे, पत्र देऊ नकोस. विद्यार्थ्याने स्वतःचं कौतुक लिहिलेलं पत्र वाचताना कळतं आणि वाचणारा अवघडतो.

टक्क्यांबद्दल गोड बोलणार नाही. देशभरातून अर्ज येतात, त्यात आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आणि आयआयटीची मुलं असतात, आणि गुण बघितले जातात. म्हणून एकाच अर्जावर बसू नकोस. अकादमींची मुदत गेली बरीच वर्षं नोव्हेंबरच्या आसपास संपते. (बंगळूरची अकादमी सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये काढली, अलाहाबादची मेघनाद साहांनी त्याआधी 1930 मध्ये, तिसरी दिल्लीची. आपसांतले जुने मानापमान सोडून तिघी ही एक योजना मिळून चालवतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.) बंगळूरच्याच जक्कूरला जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, त्यांची उन्हाळी फेलोशिप वेगळी. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कार्यक्रम वेगळा. तारखा आणि पात्रतेचे नियम दरवर्षी थोडे हलतात, ते संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघ. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ अनेकदा दोन वर्षं जुनी असते.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयआयटी-एनआयटीच्या शंभरेक प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी मेल केले. दोनच उत्तरं आली, दोन्ही नकाराची. आता एक कंपनी तीन हजार रुपयांत ऑनलाइन ‘रिसर्च इंटर्नशिप’ आणि सर्टिफिकेट देते म्हणते. करू का? – कराड

उत्तर : नको. तीन हजारांचा तो कागद निवड करणाऱ्या माणसाला काहीही सांगत नाही. काही सरकारी प्रयोगशाळा प्रकल्पासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतात हे खरं, पण ते जाहीर केलेलं असतं, त्याची पावती मिळते आणि तिथे खरं यंत्र हाताळायला मिळतं. तुला आलेल्या प्रस्तावात यातलं काही दिसत नाही.

राहिले ते शंभर मेल. मजकूर तू पाठवला नाहीस, तरी मी सांगू शकते. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘तुमचं संशोधन वाचून मी अत्यंत प्रभावित झालो’, आणि कोणतं संशोधन ते कुठेच नाही. मलाही असे मेल यायचे, आणि ‘सर’ म्हणूनच यायचे. काहींत माझं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये असायचं, कारण तेवढंच बदललेलं. एकात तर शेजारच्या संस्थेतल्या सहकाऱ्याचं नाव तसंच राहिलं होतं. मी तो मेल त्यांना पुढे पाठवला. त्यांना माझ्या नावाचा आला होता.

शंभरऐवजी पाच जणांना लिही. प्रत्येकाचा अलीकडचा एक पेपर काढ. सगळा कळणार नाही, कळायला हवा असंही नाही. प्रस्तावना, आकृत्या आणि शेवट वाच, एका आलेखावर थांब आणि त्याबद्दल खरोखर पडलेला प्रश्न दोन ओळींत विचार. मग तू काय करू शकतोस ते एका ओळीत : सिम्युलेशन, वेल्डिंग, लेथ, पायथन, जे येत असेल ते. लेथवर हात बसलेला मुलगा प्रायोगिक काम करणाऱ्या प्राध्यापकाला हवाच असतो, आणि मुलं नेमकं तेच लिहायला लाजतात. सोबत गुणपत्रक, तारखा, एक पानाचा बायोडेटा. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण कर, त्यानंतर नाही.

आणि रीतसर कार्यक्रम आधी पाहा. कानपूर आयआयटीचा ‘सर्ज’, गांधीनगरचा उन्हाळी कार्यक्रम आणि मद्रास आयआयटीची समर फेलोशिप बाहेरच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी आहेत. तिथे अर्जाला एक ठरलेली वाट असते, कुणाच्या इनबॉक्सच्या दयेवर राहावं लागत नाही. ‘डाड’ या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची ‘वाइज’ शिष्यवृत्ती डोक्यात असेल, तर तिथे जर्मन प्राध्यापकाचं निमंत्रण आधी लागतं, म्हणजे पुन्हा तोच मेल चांगला लिहिणं आलं.

प्रश्न : मुलगी फिजिक्सच्या टी. वाय.ला आहे. बंगळूरला दोन महिन्यांसाठी निवड होईल अशी तिला आशा आहे. घरात दोन मतं आहेत. तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा एम. एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावावा. राहण्याची काळजी वाटते, आणि विद्यापीठाची परीक्षा मे महिन्यात लांबली तर काय? – एक आई, मिरज

उत्तर : ताई, परीक्षेचं आधी. तारखा आदळणं हे दरवर्षीचं आहे, आणि बहुतेक गाईड आठ-दहा दिवस पुढेमागे करू देतात. मात्र हे निवड झाल्याबरोबर तिने स्वतः मेल करून विचारावं आणि लेखी उत्तर घ्यावं. आयत्या वेळी फोन करून ‘पेपर पुढे गेला’ सांगणं बरं दिसत नाही.

राहण्याचं त्या संस्थेलाच विचारा. काही ठिकाणी वसतिगृहात खोली मिळते, काही ठिकाणी मुली तिघी-चौघी मिळून पीजी बघतात. जुन्या विद्यार्थिनींचे नंबर संस्थेतून मिळतात, ते मागायला संकोच नको. पैशाचं मात्र नीट ऐका. फेलोशिपची रक्कम अनेक ठिकाणी अहवाल दिल्यावर हातात पडते, त्यामुळे पहिल्या महिन्याचा मेसचा आणि खोलीचा खर्च घरून द्यावा लागेल असं धरून चाला. रेल्वेचं भाडं मिळणार असेल तर तिकीट जपून ठेवायला सांगा. तुमच्याकडून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर येतं, तेव्हा मुलगी काही सातासमुद्रापलीकडे जात नाहीये.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टी. वाय.ची मुलगी असेल तर प्रवेश परीक्षांचं वेळापत्रक तिने आधी मांडावं, आणि एखादी परीक्षा त्या दोन महिन्यांत येत असेल तर परीक्षा महत्त्वाची. पण नुसता क्लास विरुद्ध प्रयोगशाळा असं असेल, तर मी प्रयोगशाळेकडे झुकेन. पुढची पाच-सहा वर्षं जे करायचं म्हणते, ते रोज सकाळी उठून करायला आवडतं का, हे क्लासमध्ये कळत नाही. नाही आवडलं तरी स्वस्तात कळलं.

पहिले दोन आठवडे तिचे फोन रडवेले येतील. काही कळत नाही, गाईड दौऱ्यावर, यंत्र बंद, सोबतची मुलं हुशार. तिसऱ्या आठवड्यात एखादा पीएच. डी.चा विद्यार्थी तिला हाताशी धरतो आणि फोन कमी होतात. तोपर्यंत ‘परत ये’ म्हणू नका.

प्रश्न : मी ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हे सगळं विद्यार्थ्यांसाठीच असतं का? – एक प्राध्यापक, परभणी जिल्हा

उत्तर : नाही. अकादमींची तीच योजना शिक्षकांसाठीही आहे, त्याच सुमारास अर्ज निघतात. आपल्याकडचे शिक्षक फार कमी भरतात. उन्हाळी सुट्टीत पेपर तपासणी असते हे मला माहीत आहे, तेव्हा प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा.

आणखी एक काम तुमच्याकडे. वर्गात केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती मिळणारी मुलं आहेत का बघा. वर्षाला 80,000 रुपयांतले 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच ठेवलेले असतात. तो प्रकल्प करायला गाईड हवा असतो, आणि मुलांना तो शोधायचा कुठे हे ठाऊक नसतं. विद्यापीठातल्या तुमच्या ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकाला जानेवारीतच फोन करा. एप्रिलमध्ये केलात तर त्यांच्या प्रयोगशाळेतली बाकं भरलेली असतील.