एट्रुस्कन स्थळावर कोणतं यंत्र? आधी खालचा खडक विचारा

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. उन्हाळ्यात रोमच्या उत्तरेला एका एट्रुस्कन (रोमनांआधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांच्या) स्थळावर सर्वेक्षणाच्या तुकडीत जायचंय, तर मॅग्नेटोमीटर (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र) शिकून जावं की जीपीआर (जमिनीत लहरी सोडणारं रडार)? आणि फालेरी नोवीच्या त्या गाजलेल्या रडार-नकाशासारखं आख्खं एट्रुस्कन शहर दिसेल का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो लवकर संपतो. फालेरी नोवी एट्रुस्कन नाही. इ.स.पू. २४१ मध्ये रोमनांनी फालिस्कन लोकांचं डोंगरावरचं शहर मोडलं आणि जवळच्या सपाटीवर हे नवं वसवलं. केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या तुकडीनं क्वाड बाइकमागे अँटेना ओढत तटबंदीच्या आतली सुमारे ३० हेक्टर जमीन पिंजून काढली आणि २०२० मध्ये नकाशा छापला. तो इतका स्वच्छ आला, कारण दगडी पाये फार खोल नाहीत आणि वर पुढे कुणी शहर बांधलं नाही. एट्रुस्कन घराचा पाया बहुधा टफच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या, चिऱ्यांचा, वर कच्च्या विटा किंवा लाकूड, छपरावर कौलं. टफच्याच जमिनीत टफचाच पाया, म्हणजे रडारला फरक दाखवायला फारसं काही उरत नाही. शिवाय वेई हे एट्रुस्कन शहर, जे रोमनांनी इ.स.पू. ३९६ मध्ये घेतलं, तिथं रोमन काळातलं बांधकाम वर बसलंय. रडारच्या पट्ट्यांत आधी तेच दिसणार.

आता यंत्राचं. ही सगळी यंत्रं थडगं किंवा भिंत 'बघत' नाहीत, आजूबाजूच्या मातीपेक्षा काय वेगळं आहे एवढंच मोजतात. त्यामुळे निवड खडकावर ठरते. चेर्वेतेरी या एट्रुस्कन शहराची थडगी ज्वालामुखीच्या टफमध्ये कोरलेली आहेत. तार्क्विनिया या दुसऱ्या एट्रुस्कन शहराची, तिथून फार दूर नसूनही, 'माक्को' नावाच्या सच्छिद्र चुनखडीत. चुनखडी चुंबकीयदृष्ट्या जवळजवळ गप्प असते, टफ सतत बडबडतो. इटलीत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४६-४७ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). मातीनं भरलेला जुना चर त्यात दोन-चार नॅनोटेस्लाचा फरक पाडतो, आणि टफच्या गोंगाटात तो सहज बुडतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टवर मॅग्नेटोमीटर फिरवलेल्यांना हा त्रास ठाऊक असेल. पण एक फायदाही आहे. टफ थंड होताना त्यात एका दिशेचं चुंबकत्व पक्कं बसतं. चिरे कापून भिंतीत रचले की प्रत्येकाची दिशा वेगळी होते, आणि भिंत ठिपक्याठिपक्यांच्या रेषेसारखी उमटते. भट्ट्या आणि कौलांचे ढीग तर कुठेही ठळक दिसतात, कारण भाजलेल्या मातीनं थंड होताना त्या वेळचं क्षेत्र धरून ठेवलेलं असतं.

पोकळ थडग्यांसाठी मात्र जुनी वाट विद्युतरोधाची: जमिनीत खिळे रोवून वीज सोडायची आणि तिला किती अडथळा होतो ते मोजायचं. कार्लो लेरीची या मिलानच्या अभियंत्यानं १९५० च्या दशकात चेर्वेतेरी आणि तार्क्विनियात हेच केलं. हवेतून वीज जात नाही, म्हणून रिकाम्या कक्षावर रोध चढलेला दिसतो. (छत कोसळून ओली माती भरली असेल तर उलट, रोध उतरतो. नवशिके फक्त चढच शोधत बसतात.) संशयित जागी त्याची माणसं बारीक भोक पाडत, त्यातून दिवा आणि छोटा मिनॉक्स कॅमेरा बसवलेली नळी सोडत आणि ती फिरवत भिंतींचे फोटो घेत. उघडायचं की नाही, हे त्यावरून ठरे. १९५८ मध्ये 'ऑलिंपिक थडगं' असंच सापडलं: धावपटू, थाळीफेक, रथांची शर्यत, सगळं रंगात. कौतुकाची गोष्ट आहेच, पण शोधण्याचा वेग जतनाच्या वेगापेक्षा खूप जास्त होता. त्या थडग्यातली चित्रं शेवटी भिंतीवरून सोडवून तार्क्विनियाच्या संग्रहालयात न्यावी लागली. माझ्या मते लेरीचीकडून भोक पाडण्यापेक्षा हा भाग शिकावा.

रडार चेर्वेतेरीत कोरड्या टफमध्ये चांगलं चालतं, चिकणमातीत लवकर मरतं. पोकळीवर एक सापळा आहे. लहर खडकात नॅनोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर जाते, हवेत ३०. सॉफ्टवेअरमध्ये एकच वेग भरून खोली काढलीत, तर दोन मीटर उंचीचा रिकामा कक्ष जेमतेम ६५-७० सेंटिमीटरचा दिसेल. मग अहवालात 'उथळ खड्डा' असं लिहिलं जातं.

आणखी एक: लुटारूंनी, म्हणजे तोंबारोलींनी, खणलेले खड्डे पुन्हा सैल मातीनं भरलेले असतात आणि यंत्रावर झकास दिसतात. नेक्रोपोलिसवरचा, म्हणजे प्राचीन दफनभूमीवरचा, प्रत्येक गोल डाग थडगं समजू नका.

तेव्हा जाण्याआधी मॅग्नेटोमीटर घेऊन एकसारख्या चालीनं चालण्याचा सराव करा. ते हातात बसायला वेळ लागतो, आणि चाल बिघडली की नकाशावर पट्टे येतात. रडारचं वाचन घरी बसून शिकता येईल. अंगावर लोखंड नको: पट्ट्याचं बकल, बुटांच्या कड्या, खिशातला फोन, सगळं बाहेर. द्राक्षमळ्याच्या तारा आणि खांब मात्र बाहेर ठेवता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जवळच्या मोजण्यांवर भिस्त ठेवू नका. ऑगस्टमध्ये जमीन इतकी वाळते की रोधाचे खिळे आत जात नाहीत आणि गेले तरी वीज नीट उतरत नाही. तुकडी तेव्हा जाणार असेल तर रोधाची आशा सोडा.

तुकडीच्या प्रमुखांना आत्ताच तीन गोष्टी विचारा: खाली कोणता खडक आहे, शेवटची नांगरणी कधी झाली, आणि जुने हवाई फोटो मिळतील का. दुसऱ्या महायुद्धात आरएएफनं (ब्रिटिश हवाई दलानं) घेतलेल्या फोटोंवरून पुरातत्त्वज्ञ जॉन ब्रॅडफर्डनं चेर्वेतेरी आणि तार्क्विनियाच्या नेक्रोपोलिसांतले नांगरून सपाट झालेले थडग्यांचे ढिगारे ओळखले होते. ग्रिड (मोजणीचे चौकोन) आखण्याआधी ते पाहिले तर यंत्राचे बरेच दिवस वाचतात.

नकाशे हाती आले की इथं टाकायचा मोह होईल. स्थाननिर्देशांक काढून मगच टाका, नाहीतर लुटारूंना आयती वाट सापडेल, आणि तेही प्रमुखांना विचारून. १९७१ मध्ये चेर्वेतेरीतून चोरलेलं, युफ्रोनिओस या ग्रीक चित्रकारानं रंगवलेलं पात्र न्यूयॉर्कहून इटलीला परतायला २००८ उजाडलं.