कानात सतत शिट्टी वाजते, मोठे आवाज सहन होत नाहीत, रोजचं कसं निभवायचं?

मला 4 वर्षांपासून डाव्या कानात बारीक शिट्टी आहे, लांबच्या घरात कुकर वाजावा तशी. पहिले ईएनटीकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, आणि ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर एक दिवसही थांबू नका, उपचार लवकर सुरू झालेलेच बरे. मी सुरुवातीला घरातही कानात कापूस घालून बसायचो, ती मोठी चूक होती, शांततेत शिट्टी जास्तच जाणवते आणि कानाला आवाजाची सवय राहत नाही, मग साधी ताटली पडली तरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. उन्हाळ्यात आपल्या नागपुरात कूलर रात्रभर चालतो, ताट्यांवरून, म्हणजे कूलरच्या गवती पडद्यांवरून, पाणी ठिबकत राहतं, त्यात मला छान झोप लागते. त्रास थंडीत, कूलर बंद असतो ना, मग मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो, शिट्टीपेक्षा थोडा हळूच. इअरप्लग फक्त वरातीच्या डीजेजवळ नाहीतर मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या, गर्दीत. हो, मारबत पाहायला आजही जातो, पोट्ट्याला खांद्यावर घेऊन, फक्त ढोलताशापासून लांब उभा राहतो. आणि घरच्यांना स्पष्ट सांगा, आमच्या घरी आता मिक्सर लावायच्या आधी आई आवाज देते.