जुन्या व्हॅनची कामं स्वतः करायची तर सुरुवात कुठून करावी?

व्हॅन १८ वर्षांची, डिझेल, इंजिन ठणठणीत, तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी काहीतरी निघतंच, असं तुम्ही लिहिलंय. हातात पाना धरायची हौस आहे, पण पहिलं काम कोणतं घ्यावं आणि कशाला हात लावू नये, हा तुमचा प्रश्न. मीही बऱ्याच वर्षांपासून अशीच एक म्हातारी व्हॅन चालती ठेवलीय, त्यावरून सांगतो.

सुरुवात रबरापासून करा. लोक जुनी गाडी घेतली की आधी इंजिनाकडे बघतात, मीटरवर किती किलोमीटर झालेत ते विचारतात. पण एवढ्या वयाची गाडी पळण्याने जितकी झिजते तितकीच नुसत्या उभं राहण्यानेही खराब होते. रेडिएटरचे होज पाइप, डिझेलच्या बारीक नळ्या, फॅन बेल्ट, ब्रेकचे रबरी पाइप, बुश, एक्सलचे बूट, हे सगळं वर्षांच्या हिशोबाने जातं. इंजिन थंड असताना होज दाबून बघा. कडक झाला असेल, दाबताना करकर वाजत असेल किंवा क्लिपजवळ फुगला असेल तर बदला, गळायची वाट बघू नका. जुन्या डिझेल गाड्यांचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) उडतं त्याच्या मागे पुष्कळदा असा एखादा साधा पाइपच असतो. पाणी हळूहळू कमी होत जातं, कोणी बघत नाही, आणि एका चढावर काटा लालमध्ये जातो.

कुलंटही याच वेळी बदला. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाच्या पाण्याने रेडिएटरात क्षार धरतात. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि आतली हवा नीट निघू द्या. व्हॅनमध्ये पाइप लांबून फिरतात, त्यामुळे हवा अडकून राहते आणि सगळं नवं टाकूनही गाडी गरम होते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं. काढलेलं कुलंट उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

रबरानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन आणि बॉडीच्या धातूला जोडणारी पट्टी. हा माझा आवडता विषय आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. जुन्या गाडीतल्या विजेच्या तक्रारी, म्हणजे स्टार्टर जड फिरणं, हेडलाइट मंद होणं, इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणणं, यातल्या कितीतरी एका गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीपाशी येऊन संपतात. लोक मात्र आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर, मग अल्टरनेटर. एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद असेल तर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. हे दोन्ही आकडे ठीक असूनही स्टार्टर कुरकुरत असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून कोणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये दोष आहे. पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि खालची जागा घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. खर्च जवळजवळ शून्य.

ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर ही कामं तुम्ही शिकालच, त्यात फार काही नाही. डिझेल फिल्टरखालचं पाणी अधूनमधून काढत जा आणि नवा फिल्टर बसवल्यावर हातपंपाने एअर काढा, नाहीतर सेल मारत बसाल. गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना मात्र आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. उलट केलंत आणि वरचा गंजून अडकला असेल, तर ऑइल जमिनीवर आणि गाडी जागेवर.

गंजलेल्या बोल्टशी कुस्ती खेळू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा, सहा कोनी सॉकेट लावा आणि थोडं सैल, थोडं घट्ट असं मागेपुढे करत काढा. आटे गेले किंवा डोकं तुटलं की अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी स्टँड असतात. आणि स्टँड लावण्याआधी ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरून रंग शाबूत आणि आत सगळा पापुद्रा, असं जुन्या व्हॅनच्या खालच्या पट्ट्यांत नेहमी सापडतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ धरतात. भरलेली व्हॅन लांब उतारावर असताना हा फरक पायाखाली कळतो. पॅड स्वतः बदलायला हरकत नाही, पण पहिल्या वेळी जाणकार शेजारी असू दे, आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

आता हात न लावायच्या गोष्टी. कॉइल स्प्रिंग दाबून काढणं नको. गाडी कॉमन रेलची (एका सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल पुरवणारी) असेल तर चालू इंजिनात डिझेलची गळती बोटाने शोधू नका. तिथला दाब १००० बारच्याही वर जातो आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. टायमिंग बेल्टही (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची लय जुळवणारा पट्टा) पहिल्या वर्षी मेकॅनिककडेच द्या. तो तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आधीच्या मालकाकडे तो कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेलाच नाही असं धरा, आणि वर लिहिलेल्या सगळ्याच्या आधी हे काम उरकून घ्या.