त्या पोराला आधी जेवायला बोलव

या महिन्यात चार पत्रं आली. त्यांतल्या तिघांची आधीच माफी मागते. चौथ्या पत्रानं माझी दोन रात्रींची झोप घालवली, त्यामुळे जागाही तेच खाणार.

पत्र इंग्लंडच्या मिडलँड्समधून आलंय. लिहिणारी विट्याची लेक, म्हणजे माझ्या माहेरच्या तालुक्यातली. सुरुवात 'काकू' अशी केली आहे, तेव्हा मीही अगं-तुगंच करणार.

"काकू, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात क्रिकेटच्या सरावावरून मित्राबरोबर चालत घरी येत होता. मित्र जमैकन घरातला आहे. पोलिसांची गाडी थांबली. मित्राची किटबॅग फुटपाथवर उपडी केली, खिसे तपासले. माझ्या मुलाला म्हणाले, तू तिकडे बाजूला उभा राहा. काही सापडलं नाही, सोडून दिलं. माझा मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. तो मित्र तसा चांगला आहे, पण इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या म्हणतात, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधू नये, तो बरोबर नसता तर तुझ्या पोराला कुणी हटकलंच नसतं. शाळेतसुद्धा आपली बाकीची मुलं एका टेबलावर बसतात, हाच एकटा वेगळीकडे. त्याला ही संगत सोडायला सांगू का?"

नको सांगूस. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर थांबले तर ती मी कसली!

आधी तुझं एक वाक्य. 'तसा चांगला आहे, पण.' मंडळातल्या एखाद्या मैत्रिणीच्या मुलाबद्दल लिहिताना तू हे 'तसा' घातलं असतंस का? आणि दुसरं. तुझा मुलगा दोन दिवस जेवला नाही, हे तू लिहिलंस. ज्याची बॅग चारचौघांत उपडी झाली, तो किती दिवस जेवला नाही, हे पत्रात नाही. रागावू नकोस. आई आपल्या लेकराच्या ताटाकडेच बघते, मीही तेच केलं असतं. पण विचारून तरी बघ.

मंडळातल्या बायकांचा हिशेब चुकीचा नाही, हीच खरी अडचण आहे. इंग्लंड-वेल्सचे मार्च २०२३ अखेरच्या वर्षाचे सरकारी आकडे बघ. दर हजार गोऱ्या लोकांमागे सुमारे ६ झडत्या, दर हजार काळ्या लोकांमागे २४ च्या वर. आपण आशियाई मधे कुठेतरी. आणि यातल्या दहांपैकी जवळपास सात झडत्यांनंतर पुढे काहीच कारवाई होत नाही. म्हणजे तो बरोबर नसता तर गाडी बहुधा थांबली नसती, हे खरंच. पण मग गुन्हा काय झाला? त्या पोराचं असणं. आणि तू मुलाला जे सांगायला निघाली आहेस, ते त्या पोलिसानं केलं तेच आहे. चेहरा बघून निवड. फक्त तुझ्याकडे गाडी नाही.

१९९३ साली लंडनला एल्थममध्ये स्टीफन लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बसची वाट बघत असताना गोऱ्या टोळक्यानं त्याला भोसकून मारलं. त्याच्याबरोबर मित्र होता. आलेल्या पोलिसांनी त्या मित्राला हल्ल्यातून वाचलेला मुलगा म्हणून धीर द्यायचा सोडून त्याच्याकडेच संशयानं पाहिलं. न्यायमूर्ती मॅकफर्सन यांच्या चौकशीनं १९९९ साली हे सगळं नोंदवलं आणि लंडन पोलिसांत संस्थेच्या हाडामांसात वर्णभेद आहे असं म्हटलं. मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. २०२३ मध्ये लुईस केसी यांचा अहवाल आला, त्यानंही त्याच दलाबद्दल पुन्हा तेच म्हटलं. आम्ही त्या देशात सत्तावीस वर्षं काढली. लॉरेन्सची बातमी मी भाजी चिरता चिरता ऐकली होती आणि 'आपल्याला काय त्याचं' म्हणून आवाज कमी केला होता. तेव्हाचं ते मला आज खुपतं.

इथे आमच्या यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आलीस का विट्यावर?" आले. माझे जुने वाचक हसतील, पण गलाईवाल्यांशिवाय, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांशिवाय, हे मला समजावता येत नाही.

तुझ्याही घरातलं कुणी ना कुणी गलाईला गेलेलं असणारच. विटा, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, दुष्काळी पट्टा सगळा. पाऊस नाही म्हणून पोरं बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ कट्ट्यांवर सोनं-चांदी गाळत बसली. माझा थोरला चुलता बहात्तरच्या दुष्काळात चौदाव्या वर्षी मामाच्या मागं तमिळनाडूतल्या एका गावी गेला. तिथल्या एका गल्लीत अकरा दुकानं, माणसं सगळी आपल्याकडच्या चार गावांतली. ही मंडळी एकाच गल्लीत का बसली? तमिळ माणसांचा राग होता म्हणून? छे. दहा तोळे सोनं अनोळखी पोराच्या हातात कोण देईल? कुणीतरी म्हणावं लागतं, हा अमक्याचा पुतण्या, मी आहे याला जामीन. ताप आला तर भाकरी करून घालणारं कुणी लागतं. रात्री आपल्या भाषेत दोन शिव्या द्यायला माणूस लागतो. म्हणून माणसं आपल्या माणसांजवळ जातात.

आता त्याच गल्लीची दुसरी बाजू. कुठलातरी चोर सापडला, म्हणाला साखळी त्या गल्लीत विकली. कुणाला, ते सांगता येईना. पोलिसांनी अकराच्या अकरा मराठी दुकानदार उचलले. चोरीचा माल घेतला म्हणून कलम ४११. चुलत्याला तीन दिवस बसवून ठेवलं. त्याचा त्या साखळीशी काडीचा संबंध नव्हता, हे चौथ्या दिवशी कळलं. तो गावी आला तेव्हा आमची आजी ओसरीवर बसली होती आणि शेजारीण तिला म्हणत होती, "काहीतरी केलं असंल बाई, उगं कशाला नेतील?" चुलता ते ऐकून सरळ मागच्या दारानं आत गेला. पुढे चाळीस वर्षं त्यानं तो विषय काढू दिला नाही.

तू मंडळातल्या बायकांचं म्हणणं लिहिलंस ना, तेव्हा मला ती शेजारीण ऐकू आली.

पण मी फार शहाणी आहे असं समजू नकोस. माझी लेक बारा वर्षांची असताना वर्गातल्या एका नायजेरियन मैत्रिणीला घरी घेऊन आली. मी हसून दार उघडलं, सरबत दिलं, आणि टेबलावरची माझी पर्स उचलून कपाटात ठेवली. लेकीनं पाहिलं. ती आज दोन मुलांची आई आहे, तरी भांडण झालं की तिच्या तोंडून ती पर्स बाहेर येतेच. हे मी इंग्लंडात शिकले नव्हते. गावाबाहेर पारध्यांची पालं पडली की आजी अंगणातली तांब्याची घागर आत घ्यायची, तिथून ते माझ्या हातात उतरलं होतं. आजीला तरी कुणी शिकवलं? १८७१ साली इंग्रजांनी कायदाच केला आणि जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ चा ऑगस्ट यावा लागला. विमुक्त जातींच्या आजच्या यादीत कैकाडी, वडार, रामोशी अशी आपल्या गावांत रोज भेटणारी नावं आहेत. आणि हेच सरकार स्वतःच्या घरी १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्याखाली नुसत्या संशयावरून माणूस पकडत होतं. त्यातलं ते संशयाचं कलम लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या दंगलीच्या वर्षी, १९८१ ला, गेलं. त्याआधी कितीतरी वर्षं त्याचा मारा काळ्या पोरांवरच चालला होता.

आता शाळेतलं ते टेबल. त्या बाकीच्या मुलांवर डाफरू नकोस आणि तुझ्या मुलाला तिकडे ढकलूही नकोस. मागच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन मी एक खेळ केला. थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७१ साली मांडलेला, पुढे त्यांना नोबेलही मिळालं. आम्ही बुद्धिबळाच्या पटावर कॅरमच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या कशाही पसरल्या, काही घरं मोकळी ठेवली. नियम एकच: शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश आपल्या रंगाचे हवेत, नसतील तर जवळच्या मोकळ्या घरात सरकायचं. बाकीचे दोन तृतीयांश कुणीही चालतील, म्हणजे सोंगट्या तशा चांगल्या मनाच्या. तरी थोड्या वेळात पटावर काळ्यांचा वाडा वेगळा, पांढऱ्यांचा वेगळा. धाकटा नातू म्हणाला, "आजी, यात वाईट कोण होतं?" मला उत्तर देता आलं नाही. आपलं मंडळही असंच जमतं. पिठलं-भाकरी, गणपती, भोंडला, मी त्यात सत्तावीस वर्षं आकंठ होते आणि त्याची मला लाज नाही. पण सोंगट्यांच्या हातात झडती घ्यायचा अधिकार नसतो. पोलीस आपल्या वाड्यातून निघून दुसऱ्याच्या वाड्यात जातो, तिथलं कुणीच त्याच्या ओळखीचं नसतं, आणि अनोळखी चेहरा त्याला संशयित दिसायला लागतो.

त्यावर औषध मला साताऱ्यातच सापडतं. परवा फिरून येताना 'रयत'च्या फाटकापाशी थांबले होते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक, एकच पंगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यापायी अंगावरचे दागिने दिले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९५४ साली, गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की नुसतं एकमेकांसमोर येऊन पूर्वग्रह जात नाहीत. माणसं बरोबरीच्या नात्यानं एका कामाला जुंपली आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असला, तरच ते ओसरतात. भाऊरावांना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं. तुझ्या मुलाला क्रिकेटच्या संघात हे आयतं मिळालंय आणि तू ते मोडायला निघाली होतीस, पोरी.

तर आधी त्या मुलाच्या आईला फोन कर. मंडळाच्या सल्ल्याचा उल्लेखही करू नकोस. फक्त विचार, तुमचा मुलगा कसा आहे? ती बहुधा तुझ्यापेक्षा शांतपणे बोलेल. खिशातून हात बाहेर ठेव, पळू नकोस, आवाज चढवू नकोस, हे तिनं पोराला फार लवकर शिकवलेलं असणार. आपल्याला ते शिकवायची वेळ उशिरा येते एवढंच.

तुझा मुलगा बाजूला उभा होता, म्हणजे तो साक्षीदार आहे. त्याला आजच सगळं कागदावर उतरवायला सांग: तारीख, वेळ, रस्ता, पोलीस काय बोलले, खांद्यावरचा नंबर आठवत असेल तर तो. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस कायद्याप्रमाणे अशा झडतीला सबळ कारण लागतं. नुसता वर्ण, वय किंवा पेहराव हे कारण धरता येत नाही. पोलिसानं काय शोधतोय आणि का, हे आधी सांगायचं असतं. ठरावीक भागात ठरावीक तासांपुरती विनाकारण झडतीची परवानगी असते, तसं होतं का तेही विचारा. झडतीच्या नोंदीची प्रत तीन महिन्यांच्या आत मागता येते, आणि तुझ्या पत्रावरून एक महिना तर गेलाच. तक्रार त्या पोलीस दलाकडेच करायची असते, पण करायची की नाही, हे त्या घरानं ठरवायचं. तू पुढारपण करू नकोस. आपला कागद तयार ठेव, आणि ते म्हणाले तर दे.

आणि त्याला जेवायला बोलव. इस्लामपुरी अख्खा मसूर कर, पण तिखट बेतानं घाल, पहिल्याच दिवशी पोराला रडवू नकोस. मंडळातल्या एकीलाही त्याच दिवशी बोलव, जी सगळ्यात जास्त बोलली तिला.

उरलेल्या तिघांना थोडक्यात. लंडनला सातारी कंदी पेढे न्यायचे म्हणणाऱ्या ताई, भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, सामानात कपड्यांखाली लपवले तरी ते पेढेच राहतात. सूनबाई मराठी बोलत नाही म्हणून कष्टी झालेल्या आजी, तुम्ही तिच्याशी किती वेळ मराठी बोलता ते मोजा, मग पुन्हा लिहा. आणि सांगलीत विश्रामबागेतला फ्लॅट भावाच्या ओळखीनं तोंडी भाड्यानं दिलेले गृहस्थ, भाऊ कितीही चांगला असो, भाडेकरार लेखी करून नोंदवावाच लागतो. पुढच्या सुट्टीत आधी तेवढं उरका.