क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन कधीच व्यावसायिक झाला नाही. मग त्याला इतका मोठा मुष्टियोद्धा का मानतात?

व्यावसायिक न होणे हे आपण त्याचे उणेपण मानले आहे, मला ते तसे वाटत नाही. क्यूबाने १९६० च्या दशकाच्या आरंभीच व्यावसायिक खेळांवर बंदी घातली होती, त्यामुळे अमेरिकी आयोजकांचे पैसे घेणे म्हणजे देश कायमचा सोडणे. स्टीव्हनसनने ते नाकारले.

त्याचे मोठेपण हौशी मुष्टियुद्धाच्या चौकटीतच पाहावे लागते. तेव्हा तेथे तीन मिनिटांच्या अवघ्या तीन फेऱ्या असत. चाचपडण्यात पहिली फेरी दवडली की सामना हातचा जाण्याची भीती. तरीही सहा फुटांहून बराच उंच असलेला हा गडी घाई करीत नसे. लांब डाव्या हाताने तो प्रतिस्पर्ध्याला अंतरावर रोखून धरी, जणू माप घेत राही, आणि फट दिसताच उजव्या हाताचा सरळ ठोसा हाणी; बहुतेकांचा सामना तेथेच संपे. १९७१ मध्ये पॅन-अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या ज्या ड्युएन बॉबिकने त्याला हरवले होते, त्यालाच पुढच्या वर्षी म्युनिक ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत त्याने तिसऱ्या फेरीत गारद केले. अंतिम लढत मात्र झालीच नाही, कारण रुमानियाचा इओन अलेक्से जायबंदी हातामुळे रिंगणात उतरू शकला नाही. पुढे १९७६ मध्ये माँट्रियल आणि १९८० मध्ये मॉस्को येथेही सुवर्णपदक त्याचेच. ऑलिंपिक मुष्टियुद्धात अशी तीन सुवर्णपदके त्याच्याआधी फक्त हंगेरीच्या लास्लो पापने मिळवली होती.

तो अजिंक्य मात्र नव्हता. सोव्हिएत संघाच्या इगोर विसोत्स्कीने त्याला दोनदा हरवले आणि १९८२ च्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या फ्रान्चेस्को दामियानीने गुणांवर मात केली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर क्यूबाने बहिष्कार टाकला. तेथे सुवर्ण जिंकणाऱ्या टायरेल बिग्जला स्टीव्हनसनने त्याच वर्षी आधी हरवले होते, म्हणून चौथ्या पदकाची हळहळ मला अजूनही वाटते.

महंमद अलीशी त्याची तुलना नेहमी होते, पण नऊ मिनिटांत निकाल लावण्यासाठी घडलेला खेळाडू अलीसारख्या व्यावसायिकांच्या पंधरा फेऱ्यांत कसा टिकला असता, हे पदकांवरून ठरत नाही. त्याची चिकाटी पाहायची असेल, तर मी १९८६ च्या जागतिक स्पर्धेकडे बोट दाखवीन. १९७४ आणि १९७८ मध्ये जगज्जेता ठरलेल्या स्टीव्हनसनने तेथे, रीनोमध्ये, चौतिसाव्या वर्षी तिसरे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि तेही अमेरिकेच्याच भूमीवर.