बाईच्या दुःखाची कविता वाचायला आणि लिहायला घेताना

सुरुवात थेट आजच्या कवितेपासून करू नका. आधी जात्यावरच्या ओव्या वाचा. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा धाक, सगळं तिथे मोजक्या ओळींत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून काम करत त्या हजारोंनी जमवल्या. मग सावित्रीबाई फुल्यांचा १८५४चा 'काव्यफुले' हा संग्रह. त्यानंतर मलिका अमर शेख, अनुराधा पाटील, प्रज्ञा दया पवार. एकेकीच्या निदान दहा कविता सलग वाचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत नाही मिळाल्या तर ग्रंथालयात शोधा.

वाचताना क्रियापदांखाली रेघ मारा. कोण करतंय, कोणावर होतंय? 'तिला मारलं गेलं' म्हटलं की मारणारा गायब होतो. चांगली कवयित्री त्याला समोर ओढते, किंवा त्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवते. आणि जात विसरू नका: दलित कवयित्री घरातल्या पुरुषाशी आणि गावातल्या जातीशी एकाच वेळी भांडत असते. नुसती 'स्त्री-कविता' म्हणून वाचलीत तर अर्धी निसटते.

लिहिताना पिंजरा, बाहुली, अग्निपरीक्षा नकोत. फार वापरून बोथट झालीत. एक बाई, एक वेळ, एक काम घ्या: रात्री अकराला दुसऱ्यांदा भाकरी गरम करणारी. शेवटच्या दोन ओळी झाकून कविता मोठ्याने वाचा. बहुधा तिथे घोषणा असते, खोडून टाका. कुणाची खरी हकिगत वापरत असाल तर आधी तिला विचारा, आणि ती ओळखू येईल असे तपशील बदला.