रिकामी वाटी

चि. सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आजीची पेन्शन एवढीशी, घरात एसीसुद्धा नाही, तरी ती येईल त्याला काहीतरी देते. आपण तिच्यापेक्षा श्रीमंत ना, मग आपण का नाही देत?" मी 'नंतर बोलू' म्हणून फोन ठेवला. झोंबलंच जरा.

गरीब तेवढे मनाचे मोठे, असं मात्र धरून बसू नकोस. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना कमी मिळकतीची माणसं जास्त देताना दिसली. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी मोठ्या पाहण्यांचे आकडे तपासले, तर चित्र नेमकं उलटं. म्हणजे पैशावर ढकलून मला सुटता येत नाही.

आता आजीचं स्वयंपाकघर बघ. शेजारच्या तेलुगू काकूंकडून चिंचभाताची वाटी आली की आजी ती घासते, पुसते, आणि फडताळापाशी उभी राहते. शेंगाचटणी असली तर चटणी, नाहीतर चिमूटभर साखर. "रिकामं भांडं देऊ नये गं." मग ती वाटी काकूंकडून पुन्हा भरून येते. हिशेब कधी फिटतच नाही, फिटावा असं कुणाला वाटतही नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तू पाहतेच आहेस. ज्यांच्याकडे टाकी नाही ते आजीकडून हंडा भरून नेतात; आजीचे गुडघे धरले की तेच तिचं दळण आणतात.

इथे टोरोंटोत आपल्याला कुणाकडे विरजण मागायला जावं लागत नाही. सगळं विकत मिळतं. मागायची सवय मोडली आणि तिच्याबरोबर द्यायचीही. वर्षातून एकदा ऑनलाइन देणगी देते मी, पावतीसकट; ती करात धरता येते.

सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाशील तेव्हा आजीला 'दासोह' विचार. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, शरणांपैकी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शिवभक्त संतांपैकी. कष्टानं मिळवायचं ते कायक, आणि त्यातलं वाटायचं तो दासोह. शब्दातच 'दास' आहे. देणारा वर नाही, खाली. जमलं तर मंगळवेढ्यालाही जा, पन्नासेक किलोमीटर आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडून धान्य वाटलं ते तिथेच. (धान्य बिदरच्या बादशहाचं होतं, पंतांचं नव्हे! दुसऱ्याचं द्यायला सोपं, असं तू म्हणशील. पण जीव स्वतःचाच पणाला लागला होता.)

येताना शेंगाचटणीची दोन पाकिटं जास्त आण. समोरच्या आजीबाईंनी केक दिलेला डबा मार्चपासून आपल्या ओट्यावर रिकामा पडलाय. घासून ठेवलाय मी.

तुझी,
आई